बॉक्सरांच्या कपाळावरचं गंध

फ्रेझर टाऊनमधल्या त्या साहेबांकडे मला आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी पाठवलं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. साहेब रेल्वेतून निवृत्त झालेले अँग्लो-इंडियन गृहस्थ होते, एकटेच राहायचे. वर्षभरात भावाकडे इंग्लंडला कायमचं जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि निघण्यापूर्वी त्यांना आपल्या संग्रहाची यादी करून हवी होती.

संग्रह होता सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या चित्रांचा. पूर्वी पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत आणि त्यावर चित्र छापत. कुणी पक्षी जमवी, कुणी जहाजं. साहेबांच्या वडिलांनी फक्त बॉक्सर जमवले होते. दोन्ही मुठी वर धरलेले, कंबरेला पट्टा, मिशांना पीळ, उघडी छाती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्यांच्या लढतींची हकीकत.

मी वहीत रकाने आखले होते. संचातला क्रमांक, नाव, वजनगट, मागचा मजकूर पूर्ण की पुसट, कोपरे धारदार की बोथट, घडी, डाग. कार्ड कडेनं धरायचं, चेहऱ्याला बोट लागू द्यायचं नाही, हे साहेबांनी पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं. मला हे काम आवडायचं, हे लिहायला अजून संकोच वाटतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या कानाजवळ घडी आहे की नाही, हे पाहायला कुणीतरी मला लायक समजलं होतं.

यादी नीट झाली तर साहेब मला पत्र देणार होते. त्यांच्या ओळखीच्या एका ग्रंथालयात मदतनिसाची जागा निघणार होती आणि त्या पत्राशिवाय तिथे मला कुणी विचारलं नसतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, फ्रेझर टाऊनजवळच्याच शिवाजीनगरात दुसऱ्याच्या दुकानात कोट शिवायचे आणि सुईत दोरा ओवायला आता आईला हाक मारायचे. मला ती जागा काहीही करून हवी होती.

दसऱ्याच्या सुट्टीत साहेब मुलीकडे कोलारला गेले. जाताना त्यांनी सगळ्यात चांगला, पन्नास कार्डांचा पूर्ण संच माझ्याकडे दिला. म्हणाले, "घरी याच्या यादीची पक्की प्रत करून ठेव. तुझ्यावर विश्वास आहे." तो डबा मी छातीशी धरून घरी आणला. अप्पांना एकदा दाखवलाही. ते तरुणपणी गरडीत जायचे. आमच्याकडे, कानडी मुलखात, तालमीला गरडी म्हणतात. बराच वेळ एकेक चित्र बघून ते म्हणाले, "मोठे पैलवान दिसतात रे."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. अप्पांची कातर, गज, इस्त्री, आईची विळी, माझी पुस्तकं, सगळं पाटावर मांडायचं. सकाळी मी बाजारात झेंडू आणि कोहळा आणायला गेलो. परत आलो तर पाटावर दहा-दहाच्या पाच ओळींत पन्नास बॉक्सर मांडलेले होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर ओल्या गंधाचा टिळा, त्यावर कुंकू.

माझ्या हातातला कोहळा मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

"हे कुणी केलं?"

"मीच. गरडीत उस्तादांच्या फोटोला लावतो की आम्ही," अप्पा म्हणाले. "तुझी पुस्तकं पूजेला, मग तुझं काम नको?"

"अप्पा, ही दुसऱ्याची आहेत."

"म्हणूनच नीट लावलं. बघ, एकाचंही नाकावर ओघळलं नाही."

मी कार्डं उचलायला वाकलो. अप्पांनी माझा हात धरला. "स्वल्प थांब. पूजेतलं आज हलवू नये. उद्या वाळलं की फुंकर मार, निघून जाईल."

मी थांबलो नाही. ओल्या फडक्यानं पुसायला लागलो. पुठ्ठा जुना होता, त्यानं रंग पिऊन घेतला. लाल रंग कपाळावरून डोळ्यांत, गालांवर उतरला. अकरा कार्डं अशी घालवल्यावर मी थांबलो. उरलेली एकोणचाळीस दुसऱ्या दिवशी वाळली; फुंकर मारल्यावर फिकट पिवळा ठिपका तेवढा राहिला. म्हणजे अप्पांचं खरं होतं. पण मी त्यांना आदल्या दिवशी जे बोललो होतो ते बोलून झालं होतं. "तुम्हाला अक्षर कळत नाही तर हात कशाला लावता," असं मी आईसमोर म्हणालो होतो.

साहेब परतल्यावर मी डबा घेऊन गेलो. त्यांनी ती अकरा कार्डं टेबलावर मांडली. आवाज चढवला नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"घरच्या नोकरानं, सर," मी म्हणालो.

दीड खोलीच्या आमच्या घरात नोकर. पण साहेबांना ते पटलं, कारण त्यांच्या जगात असली कामं नोकरच बिघडवत. पुसण्याचं मी काही सांगितलं नाही. तेवढ्यात व्हरांड्यात कुणी खाकरलं. दाराशी अप्पा उभे होते. लग्नाकार्याचा काळा कोट, टोपी हातात. मी येऊ नका म्हटलं होतं तरी माझ्या मागोमाग, चूक आपली आहे हे स्वतः सांगायला आले होते.

"हाच का तो?" साहेबांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, हे त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. मग साहेब त्यांच्याकडे वळून हिंदुस्तानीत बोलले.

"तुम इसके घर में नौकर है?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो.

"हाँ साब."

"कितना साल से?"

"उन्नीस साल, साब. ये पैदा हुआ तब से."

"फिर भी अकल नहीं आया. दूसरे का चीज़ को हाथ नहीं लगाने का."

"जी साब."

साहेबांनी दोषाच्या रकान्यात अकरा ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या: 'चेहऱ्यावर लाल डाग.' मग म्हणाले, चूक नोकराची, तुझी नाही. पत्र मी देईन. मला तेच ऐकायचं होतं.

बाहेर आलो. मी अप्पांच्या बरोबरीनं चालायला लागलो तर ते थबकले.

"हं, चल पुढं," ते म्हणाले. "नोकर मागनं येतो."

"अप्पा, मी..."

"सरी, सरी, असू दे. पत्र देतो म्हणाला ना? मग झालं. चल."

शिवाजीनगरच्या बाजारापर्यंत ते माझ्या चार पावलं मागे चालले. दोनदा मी थांबून पाहिलं. दोन्ही वेळा तेही थांबले. तिथून ते दुकानाकडे वळले आणि मी घरी गेलो. आईला त्यांनी एवढंच सांगितलं, की साहेब भला माणूस आहे.

पत्र मिळालं, जागाही मिळाली. त्या ग्रंथालयात अप्पा कधी आले नाहीत. मीही या म्हटलं नाही. सोबतचे लोक विचारायचे, वडील काय करतात? मी सांगायचो, कपड्यांचा धंदा आहे.