सोनारीचा लाल ठिपका

मंडळी, आज आमच्या परंड्याच्या ऑफिसात अँटिव्हायरस निवडायचा होता. आमची पशुखाद्याची सहा दुकानं आणि बारा कॉम्प्युटर आहेत.

आजवर हे खातं साळुंखेमामांचं. दर सोमवारी मोटारसायकलवरून दुकानोदुकानी जायचं, एकेक मशीन अपडेट करायचं, चहा प्यायचा, घरादाराची चौकशी करायची. मी याला मामांचं देवदर्शन म्हणतो.

सोलापूरच्या विक्रेत्यानं कालच सगळीकडं चाचणीपुरतं नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. आज त्यानं बाराही मशीनं एकाच पडद्यावर दाखवली. "आता कुणी फिरायला नको."

मामांचा चेहरा उतरला. "मग म्या काय, शेळ्या राखू?"



पडद्यावर अकरा मशीनांचे ठिपके हिरवे होते, सोनारीच्या दुकानातल्या मशीनचा लाल. विक्रेता म्हणाला, "मशीन बंद आहे. चालू झालं की होईल अपडेट."

"अकरा वाजल्यात. तिथल्या शिंदेबाई नऊलाच दुकान उघडत्यात," म्हणत मामांनी फोन लावला. "बाई, तुमचं मशीन लाल दिसतंय. तब्येत बरी हाय न्हवं?"

बरी नव्हती. एकट्या राहणाऱ्या बाई काल रात्रीपासून तापानं फणफणल्या होत्या. मामांनी जाऊन त्यांना दवाखान्यात नेलं.

सॉफ्टवेअर तेच घेतलं. त्या पडद्याचा पासवर्ड मामांकडं दिला आणि सोमवारची फेरीही चालू ठेवली. विक्रेता म्हणतो, फेरीची गरज नाही. त्याला काय कळतंय!

मी मात्र तेव्हापासून विचार करतोय, उद्या माझा ठिपका लाल झाला तर फोन कोण लावेल? तुमचा कोण लावेल?