मुंग्यांनी नेलेले तीनशे मणी

क्युबातल्या सिएगो दे आविलाच्या सरकारी रोपशाळेत ओदाल्मिसने बावीस वर्षं काचेच्या बाटल्यांत रोपं वाढवली आणि तेवढ्या काळात पाच संचालक पाहिले. एकेक दिवटा! त्यातला पाचवा, एवारिस्तो, म्हणजे तर कळसच. टाय लावून मिरवायचा, पण पेरूचं पान दाखवलं तर त्याला ओळखता यायचं नाही.

गेल्या वादळात गावातल्या एर्मेनेहिल्दोआजोबांचं पेरूचं झाड मुळासकट गेलं. तसा गर दुसऱ्या कुठल्या झाडाच्या पेरूला नव्हता. नशीब, ओदाल्मिसने त्याचे शेंडे आधीच आणले होते. वर्षभर खपून तिने त्यांचे तीनशे कोंब केले आणि एकेक कोंब गोड जेलीच्या थेंबात बंद केला. भिजल्या साबुदाण्यासारखे मणी, हेच बियाणं. ते आधी बाटलीत रुजवायचे, मुळं फुटली की मगच मातीत. हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

हवानाहून पाहुणे यायचे ठरले तसा एवारिस्तो म्हणाला, "ओदाल्मिसबाई, मणी सरळ वाफ्यात टाकू या. सगळ्यांसमोर! बियाणंच आहे ना?"

"साहेब, आत साखर आहे. मुंग्या नेतील."

"झालं तुमचं रडगाणं सुरू! पाहुण्यांसमोर मुंगीचं नाव काढायचं नाही. तीनशेच्या तीनशे हवेत मला."

अरे गाढवा, आजोबांचं झाड आता तेवढंच उरलंय! पण हे मनात. तोंडाने "बरं" म्हणून ती कामाला बसली आणि कोंब न घालताच नुसत्या जेलीचे तीनशे मणी पाडले.

पाहुणे आले. एवारिस्तोने भाषण ठोकत मणी मातीत टाकले, टाळ्या पडल्या. कॉफी संपायच्या आत मुंग्या मणी घेऊन चालू लागल्या. एक पाहुणा वाकून बघायला लागला.

"त्या माती भुसभुशीत करतात," एवारिस्तो म्हणाला. निर्लज्ज मेला! वर अहवाल लिहिला: तीनशे टाकले, तीनशे उगवले, सगळी रोपं वाटली, एकही शिल्लक नाही. त्याची प्रत फाटकावर डकवली.

इकडे बाटल्यांतल्या खऱ्या मण्यांतून एकशे बारा रोपं धरली. ती मातीत रुळल्यावर खोक्यात भरून ओदाल्मिस फाटकाशी आली. साहेबांच्या चिठ्ठीशिवाय तिथून काडी बाहेर जात नाही. पहारेकरी रेनिएरने खोक्यात डोकावलं, मग फाटकावरच्या अहवालाकडे पाहिलं.

"पेरूची रोपं आमच्याकडे नाहीतच, बाई. खुद्द साहेबांची सही आहे." त्याने फाटक सताड उघडलं. "नसलेल्या वस्तूला मी कशी अडवू? चला, व्हा पुढे, आजोबा वाट बघत असतील."