मागच्या सीटवरचा बोहुस

ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या फौजेत विमानं आली, तेव्हा साहेबलोकांनी ठरवूनच टाकलं की विमान म्हणजे बग्गी. पुढे बसणारा अधिकारी तो मालक, आणि मागे बसून ती उडवणारा शिपाई तो गाडीवान. बोहुस क्रेजची हा असाच एक गाडीवान. पिल्झेनला बिअरच्या पिंपांची मोटार चालवायचा, म्हणून त्याला उचलून रशियाच्या सीमेवरच्या गॅलिशिया प्रांतातल्या विमान तुकडीत टाकलेला. उडण्याचं मात्र त्याला वेडच लागलं.

त्याच्या नशिबी आले बॅरन फॉन लेब्रिंग. मूळचे घोडदळातले. घोड्याला टोचायचे काटे बुटांना तसेच ठेवून विमानात चढायचे आणि विमानाला मढवलेलं कापड टराटरा फाडायचे. मेकॅनिक पेपिक ठिगळ लावता लावता वैतागायचा, "अरे, सांग त्या मुडद्याला, टाच मारून विमान पळत नाही म्हणावं!"

पहिलं महायुद्ध पेटलं आणि ऑक्टोबरात दोघे सान नदीपलीकडे रशियन तोफा हुडकायला गेले. अर्धं पेट्रोल संपलं तसा बोहुस ओरडला, "साहेब, आता फिरायला हवं!" बॅरननी मागे न बघताच हात पुढे झटकला, वेटरला पिटाळावं तसा. बोहुस पुन्हा ओरडला. पुन्हा तोच हात. साहेबांना मेडल हवं होतं ना!

व्हायचं तेच झालं. परतताना इंजिन बंद पडलं. बोहुसनं विमान कसंबसं तरंगत आणून आपल्या हद्दीतल्या बिटाच्या शेतात आदळलं. चुराडा झाला, पण दोघे वाचले.

आता दोष कुणाचा? बोहुसवर आला तर उडणं संपलं, थेट खंदकात रवानगी.

"मी फिर, फिर म्हणून सांगत होतो," बॅरन चौकशीत म्हणाले. "या गाढवाला समजेल तर ना!"

"साहेब, तुम्ही तर पुढे हात केलात."

"अधिकाऱ्याला खोटं पाडतोस?"

झालं. बॅरनना मेडल मिळालं आणि बोहुसला फावडं. लाज नावाची चीज त्या कचेरीत कुणाकडेच नव्हती.

महिन्याभरानं खंदकावरून एक विमान खाली खाली आलं. पायदळ तेव्हा आपलं-परकं बघत नसे, दिसलं की झोडायचं. बोहुसनं पंख ओळखले.

"आपलंच आहे रे! थांबा!"

"मग तुझा बॅरनच असेल," शेजारचा शिपाई दात काढत म्हणाला आणि त्यानं आपली बंदूक पुढे केली. "घे, पहिला मान तुझा."

"बॅरन गेला खड्ड्यात! मागे माझ्यासारखाच एक गाडीवान बसलाय, ते बघ की!"

बोहुसनं त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. बाकीच्या बंदुका चालूच होत्या.