छातीवरचं लेबल

मोठ्या दुकानात कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका बाईला, आपल्याला फॅशनमधलं फार कळतं, असा साक्षात्कार नवव्या वर्षीच झाला होता. वडील शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. बाबांनी शिवलेला फ्रॉक असा चापूनचोपून बसायचा की शेजारणी वळून बघत. हिला मात्र त्याची लाज! का, तर त्याला लेबल नव्हतं. वर्गातल्या मुली तयार कपडे घालायच्या आणि सगळ्यांच्या मानेमागे लेबल असायचं.

एकदा बाबांकडे एक भारीतला कोट सैल करायला आला. आतल्या शिवणीत परक्या भाषेतली चकचकीत पट्टी होती. बाबा जेवायला उठले, तशी हिने ती ब्लेडने अलगद उसवली आणि आपल्या फ्रॉकला शिवली. मानेमागे लावून दिसणार कुणाला? म्हणून थेट छातीवर.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती छाती पुढे काढून बसली. शिकवणाऱ्या बाईंना ती भाषा येत होती. त्यांनी वाकून पट्टी वाचली.

“अगं, काय लिहिलंय माहितेय का यावर?”

“कंपनीचं नाव,” ती ऐटीत म्हणाली.

“‘वेगळं धुवा. रंग जातो.’”

पुढची दोन वर्षं शाळेत तिचं नाव ‘रंग जातो’ हेच होतं.

एवढ्याने अक्कल यावी ना! एकोणिसाव्या वर्षी घट्ट पँटची लाट आली. तसली पँट घालून ती याच दुकानात मुलाखतीला गेली. चढवताना आडवं झोपावं लागलं होतं. चेन आईने ओढली होती.

“बसा ना,” साहेब म्हणाले.

“नको सर, उभीच बरी.”

पोरगी फार नम्र आहे, असं साहेबांना वाटलं आणि नोकरी मिळाली. आनंदात खाली पडलेली फाइल उचलायला ती वाकली, तोच मागून टर्रकन आवाज आला. फाइल पाठीमागे धरून, भिंतीला घासत ती दाराबाहेर पडली. घरी बाबांनी लगेच सुई ओवली. हसू दाबताना मिशा तेवढ्या थरथरत होत्या.

बघता बघता तिची लेक कॉलेजात गेली. एके दिवशी विचारते कशी, “आई, आजोबांनी शिवलेलं तुझं काही आहे का गं? हाताने शिवलेल्याचीच फॅशन आहे आता.”

ती काय सांगणार, कपाळ? त्या सगळ्या फ्रॉकांची तिने केव्हाच फरशी पुसायची फडकी केली होती.

मग तिने हट्टाने स्वतःच कापड आणलं. दर सुट्टीला बाबांच्या मशीनवर बसून, तीनदा उसवून एक शर्ट शिवला आणि कामावर घालून गेली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “किती छान! कुठून घेतलात?”

“परदेशातून मागवलाय,” ती बोलून गेली आणि मग दिवसभर स्वतःवरच चडफडत राहिली. इतकी वर्षं कात्री चालवून जीभ होती तिथेच!

घरी येऊन तिने सगळं बाबांना सांगून टाकलं. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी शर्टाच्या शिवणीवरून बोटं फिरवली.

“काखेत ओढतोय,” ते म्हणाले. “काढ, उसवू या.”

तिने तो काढून दुसरा शर्ट चढवला, काखेची शिवण उसवली आणि सुई ओवून त्यांच्या हातात दिली.