दहाव्याच्या पिंडाजवळची पुडी

मंडळी, आत्ताच नदीवरून आलोय. डोकं ठिकाणावर न्हाई, म्हणून इथं लिहितोय.

आज आमच्या चुलत भावाचा, बालाजीदादाचा दहावा होता. पंचेचाळिशीसुद्धा गाठली न्हाई. रानात पाणी द्यायला गेलता, छातीत कळ आली आणि तिथंच आडवा झाला.

पिंड ठेवला, पण कावळा काही शिवंना. सगळे उन्हात ताटकळले. मग थोरले चुलते, तात्या म्हणले, "आरं, त्याच्या आवडीचं ठिवलंय का?" लगेच एकानं खिशातून गुटख्याची पुडी काढून पिंडाजवळ ठेवली.

ज्यानं माणूस नेला, तेच नैवेद्याला!

मी म्हणलं, "तात्या, दादाचं बीपी बघणारे डॉक्टर काय म्हणले होते? बाहेरच्या देशांत लोकांनी तंबाखू सोडली, बीपीची गोळी रोज घेतली, तिथं हार्टनं मरणारे कमी झाले. आपल्याकडं तरणी माणसं चाललीत. दादानं तर 'गोळी जन्मभर मागं लागती' म्हणून चार दिवसांत बंद केलती."

"ते परदेशातलं. आपल्याकडं लिवलेलं चुकत न्हाई," तात्या म्हणले.

तेवढ्यात कावळा आला. भाताला चोच मारली, पुडीकडं बघितलंसुद्धा न्हाई. सगळ्यांनी हात जोडले. "शिवला बाबा, सुटला जीव."

निघताना ती पुडी दादाच्या सख्ख्या धाकट्या भावानं उचलली, फोडली आणि तोंडात टाकली. परवाच त्याचंही बीपी वाढलेलं निघालंय. गोळी घे म्हणलं, तर म्हणतो, "मागं लागती."

आता तुमीच सांगा, ह्याच्या दहाव्याला मी पिंडाजवळ काय ठेवू?