कबीर उशिरा बोलला त्याबद्दल

माई, आणि त्या सकाळी इचलकरंजीत गाडीभोवती उभे असलेले तुम्ही सगळे,

तुमच्या वहिनीला, सुमनला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. घराची किल्ली मी माईच्या हातात दिली, तशी ती म्हणाली, ‘दादा, तिकडे नुसता बसून राहू नकोस. कबीरला बोलतं कर.’ मी मान हलवली आणि मुलाकडे, निखिलकडे, अमेरिकेत कॅरीला आलो. याला आता दोन वर्षं होतील.

नातू कबीर तेव्हा दोन वर्षांचा होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. त्याची बहीण ईरा पाच वर्षांची, तिच्या तोंडाला खळ नाही. केळं सोलताना मोडलं की कबीर स्वयंपाकघरात आडवा पडायचा, टाचा आपटायचा, श्वास कोंडेपर्यंत रडायचा. ईरा मला सुनावायची, ‘आबा, ही वॉन्ट्स द होल वन. यू ब्रोक इट.’

‘मी आहे की घरात’ म्हणून डेकेअर मीच कॅन्सल करायला लावलं. निखिल आणि सूनबाई सायली कामाला, ईरा शाळेत, कबीर माझ्यापाशी. तुम्हाला ठाऊक आहे, चाळीस वर्षं मी मागांच्या खडखडाटात काढली. तिथे तोंडाने कोण बोलतं? पलीकडच्याने भुवई उचलली की कांड्यांवरचं सूत संपलं, हात हलवला की दोरा तुटला. कबीरची प्रत्येक खूण मला तशीच कळायची. त्याने फ्रिजकडे पाहिलं की मी दूध काढायचो, बुटांकडे पाहिलं की बाहेर न्यायचो. दिवसभर रडणं नाही. संध्याकाळी सायली आली की तांडव सुरू, कारण दमून आलेल्या तिला त्या खुणा लगेच उमगत नसत. मला वाटायचं, बघा, आईला कळत नाही, मला कळतं.

तेच मी माईला फोनवर सांगितलं. ‘सूनबाईचं सगळं लक्ष लॅपटॉपात. पोर बोलणार कसं?’ माईने ते कोल्हापूरच्या लग्नात सायलीच्या आईला ऐकवलं. पुढच्या महिन्यात सायलीने नोकरी अर्धवेळ करून घेतली. मी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग मुलांना बोलायला शिकवणारी एक थेरपिस्ट घरी येऊ लागली. जमिनीवर बसून तिने साबणाचे फुगे उडवले, झाकण घट्ट लावून बाटली कबीरला दिली आणि गप्प राहिली. कबीरने बाटली माझ्यापुढे धरली. मी उघडून दिली. असं तीनदा झालं. ती हसून सायलीला काहीतरी म्हणाली.

‘बाबा, त्या म्हणतायत, आजोबा फार हुशार आहेत, याला बोलायची गरजच पडत नाही. मनात दहा आकडे मोजा, मग द्या.’

ते दहा आकडे फार लांब असत. पोर आकांत करायचं आणि माझा हात आपोआप पुढे जायचा. ईरा पहाऱ्यावर, ‘आबा, नो चीटिंग.’ कित्येक आठवड्यांनी एका दुपारी, मी सातावर असताना, कबीर म्हणाला, ‘ओपन.’ इंग्रजी तर इंग्रजी, मी त्याला उचलून घरभर फिरवलं. आता गाडीत मी दोघांच्या मधे बसतो आणि ती माझ्या डोक्यावरून भांडतात.

त्याला उशीर का झाला, हे थेरपिस्टही छातीठोक सांगत नाही. पण जो दोष मी सायलीवर ढकलला तो तिचा नव्हता. असलाच तर माझा होता. माई, तू ऐकवलेस ते शब्द माझे होते. तिच्या आईची माफी मी फोनवर मागितली. तुम्हा सगळ्यांना हे लिहून देतोय.

मागच्या रविवारी सायली पोळ्या लाटत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

‘मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. लग्नाहून आल्यावर आईचा रडत फोन आला होता.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही सांगाल असं वाटलं. म्हणून थांबले,’ ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली. ‘फारच थांबायला लावलंत पण.’

तुम्ही फोनवर विचारता, तिकडे परकं वाटतं का. जिच्या पाठीमागे मी वाईट बोललो, तिच्याच हातचं इतके दिवस जेवलो. सगळं ठाऊक असून तिने माझ्या ताटात कधी काही कमी वाढलं नाही. मला घर म्हणायला आता एवढं पुरतं.