घेवड्याच्या पानाखाली

इंदूवहिनी गेल्या. साताऱ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलंही होतं. वय झालेलं, आजार लांबला नाही... मला रडू आलं नाही. आठवलं ते कवठे महांकाळच्या आमच्या घराचं परसू, महायुद्धाच्या दिवसांतलं.

लग्न होऊन त्या आल्या आणि वर्षाच्या आतच माझा भाऊ लढाईवर गेला. वहिनी साताऱ्याच्या, मॅट्रिक झालेल्या. कॉलेजात जायची इच्छा त्यांनी एकदा आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानावर घातली होती. आबा पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. "सुनंनं घर बघावं," एवढंच म्हणाले, आणि विषय संपला.

पावसाळा सरता सरता परसातल्या घेवड्यावर मावा पडला. शेंडे काळे, चिकट झाले. पानं उलटली तर खाली आणखीच एक प्रकार... केसाएवढे बारीक पांढरे दांडे, आणि प्रत्येकाच्या टोकाला खसखशीएवढा दाणा. शेजारीण म्हणाली बुरशी, आई म्हणाली नजर. आबांनी निकाल दिला, "माव्याचीच अंडी हायती. येल उपटा आन जाळा."

"माव्याची नसतील, आबा," वहिनी दारातून म्हणाल्या. सासऱ्याला सुनेनं आडवं बोलावं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. "मावा पिल्लंच घालतो, मी पाहिलंय. थोडा वेल ठेवा. काय निघतं ते बघू."

आबांनी आणखी एक पान उलटून पाहिलं. "भितीकडचा ऱ्हाऊ द्या," म्हणाले. बाकीचा जाळला.

कंदिलाच्या तडकलेल्या काचेत वहिनींनी एक पान ठेवलं, दोन्ही तोंडांना मलमल बांधली. हिरवट दाणे करडे झाले आणि एका सकाळी दांड्यांवरून चिमुकल्या अळ्या उतरल्या. काचेत दुसरं खायला नव्हतं, म्हणून त्या एकमेकींनाच खाऊ लागल्या. मी तोंड फिरवलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर त्यांच्या आईनं प्रत्येकीला वेगळं टांगलंय." उरलेल्या अळ्या त्यांनी वेलावर सोडल्या.

मग आबा चष्मा लावून वेलापाशी बसू लागले. अळी माव्याला जबड्यात धरायची, शोषायची, रिकामं साल टाकून पुढच्याकडे वळायची. "सूनबाई," त्यांनी हाक मारली, "ही तर आपलीच पलटण हाय की गं!" आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "...आन म्या निम्मी जाळली."

पुढे अळ्यांनी मोत्यासारखे कोश विणले. त्यांतून हिरवे, सोनेरी डोळ्यांचे, जाळीदार पंखांचे किडे निघाले. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीकडचा वेल मात्र पुन्हा फुलला.

त्याच सुमारास जेवताना आबांनी विचारलं, "सांगलीच्या कालिजात कवा घेत्यात?"

"लोकं काय म्हनतील?" आई म्हणाली.

"त्यास्नी येल दाखव."

जूनमध्ये आबा स्वतः वहिनींना सांगलीला घेऊन गेले. भाऊ लढाईवरून परतला तेव्हा बायको कॉलेजात शिकत होती. पुढे साताऱ्याच्या मुलींना वहिनींनी जन्मभर विज्ञान शिकवलं.

बाजारात गेल्या की भाजीचं पान त्या उलटून बघत. ती सवय मला कधी लागली, कळलं नाही. परवा मिरजेच्या मंडईत भाजीवाली वैतागलीच. "आवं आजी, किती बघताय? येक बी कीड न्हाई त्यात!"

"तेच बघतेय, बाई," म्हटलं, आणि ते पांढरे दांडे शोधत पुढचं पान उलटलं.